आजीचा राजा, मित्राचा राजा

मंडळी, गेल्या महिन्यात माझा एक जिवलग मित्र राजाची प्रजा झाला. गंमत करत नाहीये, अगदी अधिकृतपणे झाला.

हा मित्र म्हणजे इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांतला माझा रूममेट. आमच्या ग्रुपमधला सगळ्यात मोठा क्रांतिकारक. मेसच्या कंत्राटदाराविरुद्ध सह्यांची मोहीम काढणारा, 'सिस्टीम बदलली पाहिजे' हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणणारा. २०१८ मध्ये एमएससाठी टोरंटोला गेला, मग नोकरी, मग पीआर आणि आता नागरिकत्व. शपथविधी व्हिडिओ कॉलवर झाला. म्हणजे हा पठ्ठ्या वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा अशा थाटात लॅपटॉपसमोर हात वर करून उभा राहिला आणि कॅनडाचे राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि त्यांचे उत्तराधिकारी यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन मोकळा झाला. वारस सुद्धा! म्हणजे उद्या जो कोणी गादीवर येईल त्याच्याशीही निष्ठा, ॲडव्हान्समध्ये.

हे सगळं सांगायला त्याने फोन केला तेव्हा मी गावी होतो. आमचं गाव उंबरमाळी स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर. कसारा लोकलने जाणाऱ्यांना खर्डीनंतर आणि कसाऱ्याच्या आधी एक छोटंसं स्टेशन लागतं ते आठवत असेल. तेच. घरात रेंज नसते, ती फक्त ओट्यावर येते, म्हणून ओट्यावर बसून स्पीकरवर बोलत होतो. शेजारी आजी नागली पाखडत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं,

"कोनाचा राजा म्हनत व्हता तो?"

"कॅनडाचा. म्हणजे इंग्लंडचाच, पण कॅनडाचा पण तोच."

"म्हंजे इंग्रजांचा राजा अजून हाय?"

"आहे की."

सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मग आमचाच का घालवला?"

आता या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. आजीचं माहेर जव्हारकडचं. जव्हार हे महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचं संस्थान. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी उभं केलेलं, १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेलं. म्हणजे ढोबळमानाने सहाशे वर्षं. आम्हीही महादेव कोळीच. आजी १९३७ च्या आसपासची, त्यामुळे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे तिने लहानपणी दसऱ्याला पाहिलेले. ते ती अजून सांगते, आणि सांगताना तिची मान आपोआप ताठ होते. हे मी नीट समजू शकतो. ज्या समाजाला सगळ्या जगाने 'जंगलातले' म्हणून हिणवलं, त्या समाजाचा एक माणूस गादीवर बसायचा आणि इंग्रज त्याला तोफांची सलामी द्यायचे. ही काही लहान गोष्ट नाही.

तर आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात घोळत राहिला. आणि मित्राचे मुद्देही काही अगदीच टाकाऊ नव्हते. ते आधी प्रामाणिकपणे मांडतो.

त्याचा पहिला मुद्दा: जगातल्या चांगल्या चाललेल्या लोकशाही देशांची यादी काढ. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. सगळीकडे राजा किंवा सम्राट आहे. दुसरा मुद्दा: देशाचा प्रमुख पक्षांच्या भांडणापलीकडचा हवा. राजाला तिकीट लागत नाही, देणगी लागत नाही, पुढची निवडणूक नसते. तिसरा मुद्दा त्याने खास माझ्यासाठी राखून ठेवला होता. कॅनडातल्या मूळ रहिवाशांचे जमिनीचे जुने करार राजसत्तेशी झालेले आहेत, निवडून येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारांशी नाहीत, आणि म्हणून त्यांच्यातले कित्येक नेते राजसत्तेला आपल्या हक्कांची साक्षीदार मानतात. २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेतही त्यांच्या हक्कांचा उल्लेख आला. "तू आदिवासी ना? मग तुला राजाच फायद्याचा!" असं म्हणून साहेब हसले.

मी बराच वेळ गप्प होतो. तिसरा मुद्दा खरंच लागला.

पण विचार करत गेलो तेव्हा एकेक गोष्ट सुटायला लागली. पहिला मुद्दा सगळ्यात सोपा. आपल्या भाषेत सांगायचं तर हा कोरिलेशन आणि कॉजेशनचा जुनाच घोळ आहे. नॉर्वे राजामुळे चांगला चालत नाही. नॉर्वे चांगला चालतो, म्हणून तिथला राजा टिकला. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा त्यांनी डेन्मार्कच्या राजपुत्राला गादीवर बोलावलं. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. सार्वमत झालं, लोकांनी मोठ्या बहुमताने हो म्हटलं, मग तो आला. म्हणजे ज्या राजाचं उदाहरण देऊन लोक निवडणुकीला नावं ठेवतात, त्याने स्वतःच आधी मतदान मागितलं होतं. उलट नेपाळ बघा. राजे ज्ञानेंद्र घटनात्मक राजेच होते, तरी १ फेब्रुवारी २००५ ला त्यांनी सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतली. २००८ मध्ये राजेशाहीच गेली. त्यानंतर मात्र तिथे इतकी सरकारं आली आणि गेली की मार्च २०२५ मध्ये काठमांडूत 'राजा परत आणा' म्हणत हजारो लोक रस्त्यावर उतरले. म्हणजे राजा असूनही पंचाईत, नसूनही पंचाईत. दोष खुर्चीवरच्या माणसाच्या पदवीत नाही, खालच्या यंत्रणेत आहे.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे, कारण पक्षापलीकडचा प्रमुख कोणाला नको आहे? पण इथे आपल्या मराठी माणसाकडे चांगला दोनशे वर्षांपूर्वीचा अनुभव आहे आणि आपण तो विसरतो. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे. गादी एकाकडे, कारभार दुसऱ्याकडे. इंग्रजांच्या घटनात्मक राजेशाहीसारखीच रचना, फक्त राज्यघटना तेवढी नव्हती! पेशव्याला अधिकार मिळायचा तो साताऱ्याहून वस्त्रं आली की. आता वस्त्रं कोणाला गेली ते बघा. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर वस्त्रं राघोबादादांना मिळाली. पुढच्या वर्षी सवाई माधवराव जन्मले, आणि कारभाऱ्यांचं पारडं जड झाल्यावर वस्त्रं त्या चाळीस दिवसांच्या बाळाला मिळाली. सातारकर छत्रपती दोन्ही वेळेला पक्षापलीकडचेच होते. पण पक्षापलीकडचा असणं आणि पक्षाला 'नाही' म्हणता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या हातात काही नाही, तो जिंकलेल्याला शिक्का मारून देतो. बस.

अर्थात आपले निवडलेले राष्ट्रपती काही वेगळं करतात का? छातीवर हात ठेवून सांगतो, फारसं नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. आणि २०१९ हे वर्ष तर मला फार मजेशीर वाटतं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये बोरिस जॉन्सननी संसद पाच आठवडे बंद ठेवायचा सल्ला दिला, राणीने मान्य केला. सप्टेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. दोनच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, आपण झोपेतून उठायच्या आत महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, मंत्रिमंडळाची बैठक न होता सही झाली, आणि चहा घेत टीव्ही लावला तर शपथविधी उरकलेला! इथेही शेवटी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी घ्यायला लावली तेव्हा गाडी रुळावर आली. तिकडे जन्माने आलेली राणी, इकडे निवडून आलेले राष्ट्रपती. दोघांनी समोर आलेल्या कागदावर सही केली. दोन्हीकडे ब्रेक लावला तो कोर्टाने.

मग काय फरक पडतो? राजा ठेवा नाहीतर राष्ट्रपती ठेवा, दोघंही रीड-ओन्ली युजर. इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं की मित्र जिंकला.

पण मग मी औंधच्या राजाबद्दल विचार केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: औंध हे सातारा भागातलं एक छोटं संस्थान, ७२ गावांचं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः उत्तम चित्रकार. या माणसाने जानेवारी १९३९ मध्ये आपणहून आपली सत्ता सोडून प्रजेला राज्यघटना दिली. गावोगावी निवडलेल्या पंचायती, त्यांच्यावर तालुका समित्या, त्यांच्यावर विधिमंडळ. राजा नुसता नावापुरता. यामागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश माणूस होता, जो पेशाने (लक्ष द्या मंडळी) इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. आपल्या मातीतली खरीखुरी घटनात्मक राजेशाही म्हणजे ही. मला या गोष्टीचा प्रचंड अभिमान वाटतो.

आणि याच गोष्टीत मला राजेशाहीची खरी खोट सापडते. औंधच्या लोकांना स्वराज्य का मिळालं? कारण त्यांचा राजा भला होता. आसपासच्या संस्थानांतल्या लोकांना का नाही मिळालं? कारण त्यांचा राजा तसा नव्हता. त्या लोकांची चूक काय? काहीच नाही. आपण प्रोजेक्टमध्ये काय म्हणतो? सगळं एकाच माणसाच्या चांगुलपणावर चालत असेल तर ती सिस्टीम नाही, नशीब आहे. तो माणूस राजीनामा देऊन गेला की कळतं! भवानरावांच्या जागी त्यांचा नातू कसा निघाला असता ते त्या ७२ गावांनी ठरवायचं नव्हतं. माझ्या मित्राने 'वारस आणि उत्तराधिकारी' म्हणून शपथ घेतली तीसुद्धा याच नशिबाची.

आता तिसरा मुद्दा, आदिवासींचा. इथे मी थोडा भावनिक होणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा शहापूर तालुका धरणांचा. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. घटनात्मक राजेशाही, जगातली सगळ्यात नावाजलेली. भातसा धरण स्वातंत्र्यानंतरचं, म्हणजे आपल्या प्रजासत्ताकातलं. दोन्हींचं पाणी मुंबई-ठाण्याला जातं. मी ऐरोलीत ऑफिसच्या वॉशरूममध्ये नळाखाली हात धरला की आपोआप पाणी येतं, आणि एप्रिल-मे मध्ये माझी चुलती टँकरची वाट बघत असते. राणीने आमची तहान भागवली नाही, राष्ट्रपतींनीही नाही. जव्हारचंही तेच. राजा गेल्याला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर, १९९२-९३ मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने लहान मुलं गेली. आजी जेव्हा 'राजा बरा व्हता' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर हे सगळं असतं. तिला 'लोकशाही महान आहे' असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य ऐकवायची माझी हिंमत होत नाही.

पण माझी ही चुलती मागच्या वेळी सरपंचपदाला उभी होती. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात, त्यामुळे सरपंच आदिवासीच. ती पडली. थोडक्यात पडली. पंधरा दिवस रुसून बसली. आणि त्यानंतर प्रत्येक ग्रामसभेत जाऊन टँकरच्या किती फेऱ्या आल्या याचा हिशोब मागते. जिंकलेल्या बाई आमच्याच नात्यातल्या, त्यामुळे लग्नकार्यात दोघी एकमेकींच्या ताटात वाढतात आणि ग्रामसभेत भांडतात. टँकर अजून वेळेवर येत नाही. पण हिशोब मागता येतो. पुढच्या वेळी पाडता येतं. राजाच्या दसऱ्याला आजीला मुजरा करता यायचा, टँकर मागता आला नसता.

आता तुम्ही म्हणाल, सरपंच कुठे आणि राष्ट्रपती कुठे. मग राष्ट्रपतीही थेट लोकांनी निवडावा का? नको. यावरही गावानेच शिकवलंय. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, २०२० मध्ये ते बंद झालं, २०२२ मध्ये परत सुरू झालं. यात एक लोचा होतो. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे आले की पाच वर्षं नुसती ओढाताण. दिल्लीत हेच झालं तर? राष्ट्रपती म्हणणार मला देशाने निवडलंय, पंतप्रधान म्हणणार मलाही. त्यापेक्षा खासदार-आमदारांनी निवडायची आपली पद्धत बरी. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं. १९७१ ची लोकसंख्या भागिले २८८, भागिले हजार, गणित करून बघा. म्हणजे आमच्या शहापूरच्या राखीव जागेवरून निवडून गेलेल्या आमदाराच्या मतातून आमच्या वाडीचा एक कण का होईना, त्या खुर्चीपर्यंत पोचतो. राजाच्या खुर्चीपर्यंत काय पोचतं? फक्त त्याच्या आईवडलांचं रक्त.

आणि त्याच निवडणुकीत द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. संथाळ आदिवासी. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या. मयूरभंज हेही एकेकाळी संस्थानच होतं. त्या जन्मल्या १९५८ मध्ये, म्हणजे संस्थान विलीन झाल्यावर दहा वर्षांच्या आत. शिक्षिका, मग १९९७ मध्ये रायरंगपूरच्या नगरसेविका, मग आमदार, मंत्री, राज्यपाल. मला मान्य आहे की उमेदवार पक्ष ठरवतो आणि त्यात पक्षाचं गणित असतं. मला हेही मान्य आहे की त्यांच्या सहीने आमच्या वाडीत पाणी येत नाही. पण मयूरभंजची गादी चालू राहिली असती तर त्या गावातल्या संथाळ पोरीला राजवाड्यात कोणत्या दाराने जाता आलं असतं, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारतो. नावापुरती का असेना, देशातली सगळ्यात उंच खुर्ची जन्माने मिळत नाही, हे त्या खुर्चीचं एकमेव खरं काम आहे. बाकी सह्या काय, कोणीही करेल.

आणि घराणेशाहीचं काय, हा प्रश्न येणारच. आहे की घराणेशाही, भरपूर आहे. पण त्यांना दर पाच वर्षांनी दारात यावं लागतं. आजीच्या राजालाही यावं लागलं होतं! विलीनीकरणानंतर यशवंतराव मुकणे १९६० च्या दशकात निवडणूक लढवून लोकसभेत गेले. सहाशे वर्षांच्या गादीचा वारस मतं मागायला निघाला, आणि आजीच्या भावांनी त्यांना मत दिलं. मला विचाराल तर त्या राजाचा सगळ्यात मोठा दिवस दसऱ्याच्या मिरवणुकीतला नव्हे, तो हा.

हे सगळं रविवारी जेवताना मी आजीला माझ्या परीने सांगितलं. तुझा राजा घालवला नाही गं, त्याला आपल्या रांगेत उभा केला, असं काहीतरी. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ते खरं. पन राजा दिसायला लय भारी व्हता." यावर कोणता युक्तिवाद चालणार?

असो. संध्याकाळच्या लोकलसाठी उंबरमाळीला आलो. गाडी उशिरा, नेहमीप्रमाणे. फलाटावर मित्राचा मेसेज आला, "तू फाईल कधी टाकतोयस?" कारण खरं सांगायचं तर माझाही कॅनडाचा फॉर्म आठ महिन्यांपासून अर्धवट भरून ठेवलेला आहे. पगार, स्वच्छ हवा, नळाला चोवीस तास पाणी, सगळं मलाही दिसतं. मित्राला मी नावं ठेवत नाही, त्याने त्याच्या आयुष्यासाठी योग्य तेच केलं असेल. पण त्या शपथेत एका माणसाच्या न जन्मलेल्या वारसाचं नाव घ्यायचंय, आणि इकडे माझी चुलती पुढच्या वेळी परत उभी राहणार म्हणते. तिला माझं मत लागणार आहे.

फॉर्म अजून ड्राफ्टमध्येच आहे.